स्प्रेडशीटमधल्या चार्टची लेबलं: नावं, आकडे आणि एककं वाचता येतील अशी कशी लावायची

चार्ट काढायला चार क्लिक पुरतात. अडचण सुरू होते ती तो वाचताना. तालुक्यांची नावं तिरकी झालेली असतात, मधलंच एखादं नाव गायब असतं, उन्हाळ्याच्या महिन्यांवर शून्यांची रांग लागलेली असते आणि आकडा पेट्यांचा की रुपयांचा हे कुठेच लिहिलेलं नसतं. हाच चार्ट मग सोसायटीच्या वार्षिक अहवालात छापला जातो, ग्रामसभेत पडद्यावर दाखवला जातो, व्हॉट्सॲपवर फिरतो. बघणारा प्रश्न विचारत नाही, पान उलटतो. म्हणून लेबलांवर अर्धा तास घालवणं हे सजावटीचं काम समजू नका. चार्ट समजतो की नाही हे तिथेच ठरतं.

इथली माहिती मायक्रोसॉफ्ट एक्सेल (२०१३ आणि पुढच्या आवृत्त्या) आणि लिब्रेऑफिस कॅल्क या दोन्हींसाठी आहे. गुगल शीट्समध्ये जिथे वेगळं करावं लागतं तिथे ते सांगितलं आहे. मेनूची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात, ती इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

एक गोष्ट पहिल्यापासून लक्षात ठेवा: लेबल बिघडलेलं दिसतं चार्टमध्ये, पण बिघाड बहुतेक वेळा तक्त्यात असतो. चार्टमध्ये हाताने खाडाखोड केली तर आज काम भागतं आणि पुढच्या महिन्यात नवे आकडे भरले की चार्ट खोटं बोलायला लागतो. म्हणून शक्य असेल तिथे दुरुस्ती तक्त्यात करा.

आधी तक्ता

सरावासाठी रत्नागिरी जिल्ह्याचे नऊ तालुके घेऊ आणि समजू की एका केंद्रावर त्या त्या तालुक्यातून हापूसच्या इतक्या पेट्या आल्या. आकडे फक्त सरावापुरते, मनाने घेतलेले आहेत.

मंडणगड ८४०
दापोली ३,२६०
खेड ६१०
चिपळूण ९७५
गुहागर २,१८०
संगमेश्वर १,४५०
रत्नागिरी ५,९२०
लांजा १,१३०
राजापूर ४,३७५

डाव्या स्तंभात नावं, उजव्यात आकडे, वरच्या ओळीत ‘तालुका’ आणि ‘पेट्या’ अशी शीर्षकं. आकड्याच्या सेलमध्ये फक्त आकडा भरा. ‘८४० पेट्या’ असं टाइप केलंत की ती सेल मजकूर होते आणि त्या तालुक्याची पट्टीच उभी राहत नाही. एकक कसं जोडायचं ते पुढे येतंय.

मराठी कीबोर्ड चालू ठेवून आकडे भरताना जपा. सेलची मांडणी बदललेली नसेल तर खरा आकडा सेलच्या उजव्या कडेला बसतो आणि मजकूर डाव्या कडेला. एखादा आकडा डावीकडे चिकटलेला दिसला तर तो सॉफ्टवेअरच्या लेखी आकडा नाही. कीबोर्ड इंग्रजीवर घेऊन तो पुन्हा भरा. चार्टमध्ये देवनागरी आकडेच हवे असतील तर ते टाइप करून नव्हे, फॉरमॅटने आणायचे. एक्सेलमध्ये सेल निवडून कंट्रोल आणि १ दाबा, नंबर टॅबमध्ये ‘कस्टम’ निवडा आणि हा कोड लिहा:

[$-4000439]#,##0

आत आकडा 5920 च राहतो, दिसतो मात्र ५,९२०. या लेखातले सगळे कोड इंग्रजी कीबोर्डने, इंग्रजी शून्य वापरूनच टाइप करायचे आहेत.

नावांच्या स्तंभात वर्षं असतील तर एक्सेल हमखास एक चूक करतो. २०२१, २०२२, २०२३ हे त्याला आकडेच वाटतात, त्यामुळे वर्षांचीही एक मालिका (एका रंगात दिसणारा आकड्यांचा संच) करून तो पट्ट्या उभ्या करतो आणि खाली १, २, ३ लिहितो. चार्ट घालण्याआधी डाव्या कोपऱ्यातली ‘वर्ष’ ही शीर्षकाची सेल रिकामी ठेवा, मग तो पहिला स्तंभ नावांचा धरतो. चार्ट आधीच झाला असेल तर चार्टवर उजवी क्लिक, ‘सिलेक्ट डेटा’, डावीकडच्या यादीतून वर्षाची मालिका काढून टाका आणि उजवीकडच्या ‘एडिट’मध्ये वर्षांच्या सेल दाखवा.

लेबल लावणं

एक्सेलमध्ये:

१. तक्ता निवडा, ‘इन्सर्ट’ टॅबमधून स्तंभालेख घाला.
२. चार्टवर एकदा क्लिक करा. उजव्या वरच्या कोपऱ्याजवळ अधिकचं चिन्ह येईल, ते दाबा.
३. ‘डेटा लेबल्स’वर खूण करा. त्याच्या शेजारच्या बाणातून जागा निवडा: ‘आउटसाइड एंड’ म्हणजे पट्टीच्या टोकाबाहेर, ‘इनसाइड एंड’ म्हणजे टोकाच्या आत, ‘सेंटर’ म्हणजे मधोमध, ‘इनसाइड बेस’ म्हणजे बुडाशी.
४. लेबलावर क्लिक करून कंट्रोल आणि १ दाबा. उजवीकडे ‘फॉरमॅट डेटा लेबल्स’ची पट्टी उघडते. पुढची सगळी कामं तिथून होतात.

कॅल्कमध्ये आधी चार्टवर दोनदा क्लिक करावी लागते. भोवती राखाडी चौकट आली की तुम्ही चार्टच्या आत आहात. वरचा मेनूही बदललेला दिसेल. नवशिक्यांची निम्मी अडचण इथेच होते. चौकट नसताना ‘इन्सर्ट’ मेनू उघडला की त्यात डेटा लेबल्स सापडतच नाहीत. आत गेल्यावर एखाद्या पट्टीवर उजवी क्लिक, ‘इन्सर्ट डेटा लेबल्स’, मग पुन्हा उजवी क्लिक आणि ‘फॉरमॅट डेटा लेबल्स’.

गुगल शीट्समध्ये चार्टवर दोनदा क्लिक केली की ‘चार्ट एडिटर’ उघडतो. त्यात ‘कस्टमाइझ’, मग ‘सिरीज’, आणि खाली सरकत गेलं की ‘डेटा लेबल्स’चा चौकोन. हे संगणकावरच करा, फोनवर नको.

तिन्हीकडे एक नियम सारखा आहे आणि तो हाताला लागला पाहिजे. पहिल्या क्लिकला सगळी मालिका निवडली जाते. थोडं थांबून दुसऱ्यांदा क्लिक केली की तेवढं एकच लेबल निवडलं जातं. ‘रंग बदलला पण एकाच लेबलाचा बदलला’ किंवा ‘एकच पुसायचं होतं, सगळी गेली’, या दोन्ही तक्रारींचं मूळ यातच आहे. पुसण्याआधी निवडीचे ठिपके किती लेबलांभोवती आहेत ते बघा.

पट्टीच्या टोकावर आकडा आला की डावीकडचा आकड्यांचा अक्ष आणि आडव्या रेघा यांची गरज उरत नाही. दोन्ही काढून टाका. एकच माहिती दोनदा छापली तर चार्टला भार होतो आणि नजर दोन ठिकाणी धावते. मालिका एकच असेल तर बाजूची रंगसूचीही (कोणता रंग कशाचा हे सांगणारी यादी) काढा, ‘पेट्या’ हा शब्द शीर्षकात आला की पुरे. अक्ष काढण्याआधी तो शून्यापासून सुरू होतो ना हे मात्र तपासा. एक्सेल कधी कधी जवळजवळच्या आकड्यांसाठी अक्ष मधूनच सुरू करतो, मग ५,७०० आणि ५,९०० यांच्या पट्ट्यांत दुप्पट फरक दिसतो आणि अक्ष काढल्यावर ती लबाडी कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘फॉरमॅट ॲक्सिस’मध्ये ‘मिनिमम’ला 0 लिहून टाका.

नावं तिरकी होतात, गायब होतात

नऊ तालुके उभ्या स्तंभालेखात घातले की ‘संगमेश्वर’, ‘रत्नागिरी’ ही नावं शेजारच्या नावाला धडकतात. एक्सेल मग त्यांना पंचेचाळीस अंशांत तिरकं करतो, त्यातही मावली नाहीत तर उभं करतो किंवा एकाआड एक नाव गाळतो. सिंधुदुर्गचे आठ तालुके घेतले तरी ‘सावंतवाडी’, ‘वैभववाडी’, ‘दोडामार्ग’ यांचं तेच होतं. गाळलेलं नाव तक्त्यात असतं, पट्टीही असते, फक्त खाली नाव नसतं. वाचणारा मग पट्टी शेजारच्या तालुक्याच्या नावावर खपवतो.

गाळलेली नावं परत आणायची तर एक्सेलमध्ये खालच्या अक्षावर क्लिक, कंट्रोल आणि १, ‘लेबल्स’ हा भाग उघडा, ‘स्पेसिफाय इंटरव्हल युनिट’ निवडून 1 लिहा. कॅल्कमध्ये अक्षावर उजवी क्लिक, ‘फॉरमॅट ॲक्सिस’, ‘लेबल’ टॅब. तिथे ‘ब्रेक’वर खूण केली की लांब नाव दोन ओळींत मोडतं. ‘ओव्हरलॅप’वर खूण केली तर सगळी नावं दिसतात पण एकमेकांवर चढू शकतात, म्हणून ती शेवटचा उपाय समजा. गुगल शीट्समध्ये ‘हॉरिझॉन्टल ॲक्सिस’खाली ‘स्लँट लेबल्स’ आहे.

खरा उपाय मात्र वेगळा आहे: आडव्या पट्ट्यांचा चार्ट घ्या. एक्सेलमध्ये चार्टवर उजवी क्लिक, ‘चेंज चार्ट टाइप’, ‘बार’. नावं डावीकडे एकाखाली एक, सरळ, आपण यादी वाचतो तशी येतात. देवनागरीला तिरकं करणं तसंही मानवत नाही. शिरोरेषा कललेली असली की ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आणि रफार पटकन ओळखू येत नाहीत. ‘टेक्स्ट डायरेक्शन’मधला ‘स्टॅक्ड’ हा अक्षराखाली अक्षर लिहिणारा पर्याय मराठीला कधीच लावू नका, शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात.

आडव्या चार्टमध्ये एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट घडते. तक्त्यातलं पहिलं नाव सगळ्यात खाली येतं आणि शेवटचं वर, कारण अक्ष खालून वर मोजला जातो. दोन मार्ग आहेत. तक्ता आकड्यांप्रमाणे चढत्या क्रमाने लावा, म्हणजे खेड पहिलं आणि रत्नागिरी शेवटचं. चार्टमध्ये रत्नागिरी आपोआप वर येतं आणि खेड तळाशी जातं. किंवा तक्ता तसाच ठेवून एक्सेलमध्ये ‘फॉरमॅट ॲक्सिस’मधलं ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’, कॅल्कमध्ये ‘स्केल’ टॅबमधलं ‘रिव्हर्स डायरेक्शन’ निवडा. दुसऱ्या मार्गाने एक्सेलमध्ये आकड्यांचा अक्ष वर जातो. तो आपण काढूनच टाकणार असल्याने अडत नाही. तालुके, गावं, माशांच्या जाती अशा गोष्टींसाठी पहिला मार्ग चांगला, कारण मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लागला की लेबल वाचण्याआधीच अर्धी गोष्ट कळते. महिने आणि वर्षं मात्र कधीही आकड्यांप्रमाणे लावू नका.

उभाच चार्ट हवा असेल तर नाव सेलमध्येच दोन ओळींत मोडा. एक्सेलमध्ये ऑल्ट आणि एंटर, कॅल्कमध्ये कंट्रोल आणि एंटर. ‘सावंत’ एका ओळीत आणि ‘वाडी’ दुसऱ्या ओळीत असं मोडलेलं चार्टमध्येही तसंच उतरतं.

उणे आकडे असतील, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा किती पेट्या वाढल्या वा घटल्या असा चार्ट असेल, तर नावं शून्याच्या रेषेला चिकटून राहतात आणि उणे पट्ट्या त्यांच्यावर चढतात. एक्सेलमध्ये ‘लेबल पोझिशन’ला ‘लो’ करा. कॅल्कमध्ये ‘पोझिशनिंग’ टॅबमध्ये लेबलांची जागा ‘आउटसाइड स्टार्ट’. नावं चार्टच्या कडेला जातात.

आकड्याला एकक आणि भारतीय स्वल्पविराम

‘फॉरमॅट डेटा लेबल्स’मध्ये खाली ‘नंबर’ हा भाग आहे. तिथे ‘लिंक्ड टू सोर्स’वर खूण असते, म्हणजे लेबल तक्त्यातल्या सेलचंच रूप घेतं. कॅल्कमध्ये याच गोष्टीला ‘सोर्स फॉरमॅट’ म्हटलंय. सोपा मार्ग म्हणजे खूण तशीच राहू द्या आणि तक्त्यातल्या सेलचा फॉरमॅट बदला. सगळे चार्ट आपोआप सुधारतात. चार्टपुरतंच वेगळं रूप हवं असेल तर खूण काढा. एक्सेलमध्ये कोड लिहून झाल्यावर शेजारचं ‘ॲड’ बटण दाबायला विसरू नका.

एकक जोडायचा कोड:

#,##0" पेट्या"

अवतरणचिन्हांत मराठी शब्द चालतो. आकडा आकडाच राहतो, बेरीज बिघडत नाही. नऊच्या नऊ लेबलांवर ‘पेट्या’ लिहिलं तर गर्दी होते, म्हणून एकक शीर्षकात लिहून लेबलावर फक्त आकडा ठेवणं बहुतेकदा बरं. लेबलावर एकक लावावं ते चार्टमध्ये दोन वेगळी एककं असताना: पेट्या आणि रुपये, किंवा मिलिमीटर आणि दिवस.

रकमा लाखांत गेल्या की 1234567 हा आकडा 1,234,567 असा परदेशी पद्धतीने तुटतो. विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये अंकांचे गट भारतीय पद्धतीचे केले तर एक्सेल आपोआप 12,34,567 दाखवतो, पण फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की तिथल्या सेटिंगप्रमाणे दिसते. फाइलबरोबर प्रवास करणारा कोड हा:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

याची एक मर्यादा आहे. उणे रकमा शेवटच्या भागात जातात, त्यामुळे त्यांचे लाख पुन्हा जुन्याच पद्धतीने तुटतात. तोटा दाखवायचा असेल तर हा कोड वापरू नका. कॅल्कला मात्र सरळ #,##,##0 एवढंच कळतं.

लाखांत आकडा दाखवायचा, म्हणजे 1234567 ऐवजी 12.3 लाख, तर फॉरमॅटच्या मागे लागू नका. कोडच्या शेवटी दिलेला स्वल्पविराम आकड्याला हजाराने भागतो, लाखाने भागायची सोय कोडमध्ये नाही. तक्त्यात एक वेगळा स्तंभ करून रक्कम 100000 ने भागा आणि चार्ट त्या स्तंभावर काढा.

पावसाचे आकडे आणि शून्यांची रांग

कोकणातला पावसाचा चार्ट म्हणजे चार महिने आभाळाला टेकलेले खांब आणि बाकीचे जमिनीशी. डिसेंबर ते एप्रिल शून्यं ओळीने बसतात. ती लपवायची:

#,##0;-#,##0;""

अर्धविरामाने तीन भाग झालेत: धन आकडा, ऋण आकडा, शून्य. तिसऱ्यात रिकामी अवतरणं म्हणजे काहीच दाखवू नको. तरीही एखाद्या महिन्यावर शून्य दिसतंच. त्याचं कारण तो आकडा खरोखर शून्य नसतो, 0.4 मिलिमीटर असतो. तो धन आहे म्हणून पहिल्या भागात जातो आणि पूर्णांकात गोळा होऊन 0 दिसतो. त्यासाठी:

[<0.5]"";#,##0

शून्यं लपवलीत तर चार्टखाली ‘आकडा नाही तिथे पाऊस नाही’ अशी एक ओळ लिहा. नाहीतर नोंदच झाली नव्हती की पाऊस पडला नव्हता, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

अटीचा हा कोड याहून मोठ्या कामाचा आहे. जुलैच्या रोजच्या पावसाचा चार्ट घ्या, एकतीस खांब. प्रत्येकावर लेबल लावलं तर मुंग्यांची रांग होते. हवामान खात्याच्या वर्गवारीत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस धरतात. लेबल फक्त तिसऱ्या वर्गातल्या दिवसांवर हवं:

[>=204.5]0.0;""

सगळ्या खांबांना लेबल लावा, कोड घाला, आणि ज्या दिवशी पावसाने खरंच कहर केला तेवढेच आकडे उरतात. पुढच्या वर्षीचे आकडे त्याच तक्त्यात भरले तर लेबलं आपली आपण योग्य दिवसांवर जातात. हाताने एकेक लेबल पुसून हेच केलं असतं तर ती जुन्याच तारखांवर अडकली असती. सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस हा आदल्या चोवीस तासांचा असतो, तेव्हा चार्टच्या शीर्षकात ‘सकाळी ८.३० ला संपणारे २४ तास’ असं लिहा, म्हणजे कोणता दिवस यावर वाद होत नाही.

शून्य आणि रिकामी सेल एक नव्हे

मासळीच्या आवकेचा महिनावार रेषालेख असेल तर जून-जुलैचा प्रश्न येतो. राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्या दोन महिन्यांत 0 लिहिलं की रेषा तळाला आपटते आणि लेबल ‘0’ म्हणतं. अर्थ असा निघतो की होड्या गेल्या आणि रिकाम्या परत आल्या. सेलमध्ये ‘बंदी’ असा शब्द लिहिला तर एक्सेल त्यालाही शून्यच समजून रेषा खाली नेतो. सेल पूर्ण रिकामी ठेवा. मग ‘सिलेक्ट डेटा’, खाली डावीकडे ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’, त्यात ‘गॅप्स’. रेषेत खिंड पडते, आणि ती पडलीच पाहिजे.

त्या खिंडीत ‘बंदी काळ’ असं लिहायचं तर आधी चार्टवर क्लिक करा आणि मगच ‘इन्सर्ट’मधून ‘टेक्स्ट बॉक्स’ घाला. चार्ट निवडलेला नसताना घातला तर तो शीटवर बसतो, चार्ट हलवला की मागे राहतो आणि चित्र म्हणून चार्ट बाहेर काढला तर येतच नाही.

बाजारभावाच्या चार्टमध्ये तारखा असतील तर एक्सेल तारखांचा अक्ष धरतो आणि बाजार बंद असलेल्या दिवसांसाठीही जागा सोडतो. ती जागा नको असेल तर ‘फॉरमॅट ॲक्सिस’मध्ये ‘टेक्स्ट ॲक्सिस’ निवडा.

थरांच्या स्तंभावर एकूण आकडा

बांगडा, तारली, कोळंबी असे थर एकावर एक रचले की प्रत्येक थराचं लेबल आत बसतं, पण एकूण किती हे कुठेच दिसत नाही. थरांच्या चार्टमध्ये ‘आउटसाइड एंड’ हा पर्यायच नसतो, तो शोधत बसू नका. एक्सेलमध्ये असं करा:

१. तक्त्यात ‘एकूण’ हा स्तंभ बेरजेच्या सूत्राने करा आणि चार्टमध्ये घ्या. तो सगळ्यात वरचा थर म्हणून येईल, येऊ द्या.
२. त्या थरावर उजवी क्लिक, ‘चेंज सिरीज चार्ट टाइप’, फक्त ‘एकूण’पुढे ‘लाइन’ निवडा. शेजारच्या ‘सेकंडरी ॲक्सिस’ला खूण नको. ती राहिली तर एकूणची लेबलं भलत्याच उंचीवर तरंगतात.
३. रेषेला डेटा लेबल्स लावा, जागा ‘अबव्ह’.
४. रेषा निवडून तिला ‘नो लाइन’ करा, ठिपके असतील तर तेही ‘नन’.
५. रंगसूचीत ‘एकूण’वर क्लिक, थांबून पुन्हा क्लिक, मग डिलीट.

पाचव्या पायरीला घाई केली तर आख्खी रंगसूची जाते. कंट्रोल आणि झेड दाबून परत आणा. कॅल्कमध्ये हेच ‘कॉलम अँड लाइन’ या प्रकाराने जमतं. त्यात थरांचा उपप्रकार आणि रेषांची संख्या 1 ठेवा.

पातळ थरात लेबल मावत नसेल तर ते तेवढंच काढून टाका. एवढ्याशा पट्टीत कोंबलेला आकडा वाचता येत नाही, शेजारच्या थराचा वाटतो तो वेगळाच.

पाय चार्टबद्दल, म्हणजे गोल तुकड्यांच्या चार्टबद्दल, थोडक्यात. पाचसहा तुकड्यांच्या पुढे जाऊ नका, बारीक तुकडे ‘इतर’मध्ये घाला. लेबल तुकड्यापासून ओढून दूर नेलं की जोडरेषा येते. पूर्णांकात गोळा केलेल्या टक्क्यांची बेरीज कधी ९९ तर कधी १०१ होते आणि सभेत कोणीतरी ती करतोच, म्हणून एक दशांश दाखवा किंवा टक्क्यांऐवजी मूळ आकडे द्या.

रेषालेखात दोन-तीन रेषा असतील तर रंगसूचीऐवजी रेषेच्या शेवटच्या ठिपक्याला नाव द्या. रेषेवर क्लिक, थांबून शेवटच्या ठिपक्यावर क्लिक, उजवी क्लिक, ‘ॲड डेटा लेबल’, मग ‘सिरीज नेम’वर खूण आणि ‘व्हॅल्यू’ची काढलेली. नाव उजव्या कडेला कापलं जातं, तेव्हा आलेखाच्या आतल्या भागावर क्लिक करून त्याची उजवी कड थोडी आत ओढा.

लेबलात टाइप केलेला मजकूर

लेबलावर क्लिक करून त्यात थेट लिहिता येतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. एकदा हाताने लिहिलं की त्या लेबलाचा तक्त्याशी संबंध तुटतो. आकडा बदलला, पट्टी बदलली, लेबल जुनंच. एक्सेलमध्ये ‘रिसेट लेबल टेक्स्ट’ने ते परत जोडता येतं. लेबलावर आकड्याशिवाय काही हवं असेल, म्हणजे ‘५,९२० (पहिला)’, तर तक्त्यात तसा मजकुराचा वेगळा स्तंभ करा, ‘लेबल ऑप्शन्स’मध्ये ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’ला खूण करून तो स्तंभ दाखवा आणि ‘व्हॅल्यू’ची खूण काढा. ही सोय २०१३ पासूनची आहे. त्याआधीच्या एक्सेलमध्ये फाइल उघडली तर लेबलांच्या जागी चौकटी कंसातले इंग्रजी शब्द दिसतात, तेव्हा घाबरू नका, माहिती हरवलेली नसते.

शीर्षकाचंही तसंच. शीर्षक निवडा, वरच्या सूत्रपट्टीत = टाइप करा, ज्या सेलमध्ये शीर्षक लिहिलंय तिच्यावर क्लिक करा, एंटर. आता सेलमधलं वर्ष बदललं की शीर्षक बदलतं.

मराठी फॉन्ट

कॅल्कमध्ये लेबलाचा आकार १० वरून १४ केला आणि आकडे मोठे झाले पण मराठी नावं तेवढीच राहिली, असं झालं तर दोष तुमचा नाही. कॅल्क इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा ठेवतो. ‘टूल्स’मधून ‘ऑप्शन्स’, तिथे भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला खूण करून मराठी निवडा. त्यानंतर लेबलाच्या ‘फॉन्ट’ टॅबमध्ये दुसरा भाग उघडेल. आकार आणि फॉन्ट तिथेही बदलावा लागतो.

जुन्या कार्यालयीन फायलींमध्ये श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे युनिकोडपूर्व (मराठी अक्षरं सगळ्या संगणकांवर सारखी दिसावीत अशी पद्धत येण्याआधीचे) फॉन्ट असतात. सेलमध्ये ‘राजापूर’ दिसतं आणि चार्टमध्ये इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. सेलचा फॉन्ट चार्टकडे जात नाही, आणि त्या फॉन्टविना तो मजकूर खरोखर इंग्रजी अक्षरंच असतो. लेबलाला तोच फॉन्ट दिला की तुमच्या संगणकावर दिसेल, पण फाइल मिळालेल्या माणसाकडे तो फॉन्ट नसेल तर नाही. नावं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. नऊ तालुक्यांना पाच मिनिटं लागतात आणि प्रश्न कायमचा सुटतो. मंगल, निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट चार्टसाठी चांगले आहेत. बारीक आकारात ठळक अक्षरं टाळा, जोडाक्षरांच्या आतली पोकळी भरून जाते.

छपाई, पडदा, फोन

ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो, दोन्हीकडे अडीच सोडले की सोळा उरतात. चार्ट पहिल्यापासून सोळा सेंटिमीटर रुंदीचा करा आणि लेबलं ९ किंवा १० पॉइंटची ठेवा. मोठा चार्ट चित्र म्हणून वर्डमध्ये चिकटवून निम्मा केला की दहाचा फॉन्ट पाचचा होतो. पडद्यासाठी १८ पॉइंटच्या खाली जाऊ नका. गडद पट्टीच्या आतलं लेबल पांढरं, फिक्या पट्टीतलं काळं. अहवाल काळ्या-पांढऱ्यात झेरॉक्स होणार असेल तर एक प्रत तशी छापून बघा. निळा आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे होतात आणि रंगसूची निरुपयोगी ठरते. अशा वेळी थरांवर नाव लिहिलेलं लेबलच कामाला येतं.

फोनवर पाठवायचा चार्ट शीटचा फोटो काढून पाठवू नका. एक्सेलमध्ये चार्टच्या कडेवर उजवी क्लिक करून ‘सेव्ह ॲज पिक्चर’, कॅल्कमध्ये ‘एक्स्पोर्ट ॲज इमेज’, आणि प्रकार पीएनजी निवडा. जेपीजीमध्ये अक्षरांच्या कडा धुरकट होतात आणि मात्रा सगळ्यात आधी जातात. व्हॉट्सॲपवर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर दाबून लहान होत नाही.

सगळं मनासारखं बसलं की एक्सेलमध्ये चार्टवर उजवी क्लिक करून ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’ करा. पुढच्या चार्टला ‘चेंज चार्ट टाइप’मधून ‘टेम्प्लेट्स’ निवडलं की लेबलांची जागा, फॉन्ट आणि रंग परत लावावे लागत नाहीत. आकड्यांचा कोड मात्र तक्त्यातल्या सेलला दिलेला असेल तर नव्या तक्त्यातही तो द्यायला विसरू नका.